हजारामागे सात

तीर्थस्वरूप काका,

तुमच्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार, आणि काकूंना वेगळा. (मागच्या पत्रात दोघांना मिळून एकच घातला होता, तेव्हा ‘माझ्यापर्यंत अर्धाच पोचला’ असं काकूंनी फोनवर ऐकवलं होतं.) डोळ्याचं ऑपरेशन छान झालं आणि आता तुम्हाला समोरच्या गच्चीवर वाळणाऱ्या कपड्यांची शिवणसुद्धा दिसते हे ऐकून इथे सगळ्यांना आनंद झाला. डॉक्टरांनी वाचायची परवानगी दिली असेल असं धरून लिहितोय. नसेल तर काकूंनी वाचून दाखवावं, पण कंस गाळू नयेत. आम्ही सगळे मजेत आहोत. मुलगी कॉलेजात जाते, निदान घरातून तरी वेळेवर निघते. तुमच्या सूनबाईंची पाठ आता दुखत नाही. माझं ड्रायव्हिंग स्कूल चालू आहे, गाडीला नवा क्लच टाकला, माझ्या बाजूचा ब्रेक मात्र तोच जुना, कारण त्याच्यावर माझा पाय आणि विश्वास दोन्ही बसलेले आहेत.

खरं म्हणजे फोनच करणार होतो. पण फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, आणि ही हकिगत सुरुवातीपासून शेवटापर्यंत एका दमात ऐकल्याशिवाय पुतण्या केवढा मोठा झाला ते तुमच्या ध्यानात यायचं नाही. काका, मी जिंकलो. नगरपालिकेशी भांडून जिंकलो. अख्ख्या शहराची घरपट्टी मी खाली आणली. मी, ज्याला तुम्ही लहानपणी ‘हा बाजारातून सुटे पैसेसुद्धा बरोबर आणत नाही’ असं पाहुण्यांसमोर म्हणायचात. (राग नाही. सहज आठवलं.)

झालं असं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी नगरपालिकेचा फलक आहे. त्याच्यावर एरवी पाणी कधी येणार नाही ते लिहिलेलं असतं, त्यामुळे तो वाचायचा कोणाला उत्साह नसतो. पण एके सकाळी शेजारचे दातांचे डॉक्टर कुत्र्याला घेऊन निघाले असता तिथे थांबले (कुत्रा थांबला म्हणून ते थांबले) आणि त्यांनी वाचलं, की येत्या वर्षासाठी घरपट्टीचा प्रस्तावित दर चौदाऐवजी अकरा, आणि अकराच्या पुढे ते तिरपी रेघ आणि शून्यं असलेलं चिन्ह. डॉक्टरांनी ते टक्के म्हणून वाचलं. दातांच्या डॉक्टरांना समोरच्या माणसाला न घाबरवता काही सांगता येत नाही हे तुम्हाला माहीत आहेच. ते थेट आमच्या दारात आले आणि म्हणाले, घराच्या किमतीतले शंभरातले अकरा दरवर्षी नगरपालिकेला. म्हणजे नऊदहा वर्षांत घर संपलं. नंतर आपण आपल्याच घरात पाहुणे.

काका, घाबरलेल्या माणसाला गणित सुचत नाही. चौदा टक्के भरत असतो तर आपण सगळे केव्हाच फुटपाथवर आलो असतो, हे गल्लीतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. इतकी वर्षं आम्ही बिलाच्या खालचा आकडा बघायचो, उसासा टाकायचो आणि भरायचो, तो आकडा वरच्या कुठल्या आकड्यातून निघतो हे कोणी कधी पाहिलंच नव्हतं. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या बाई (एकट्या बेकरी चालवतात, हल्ली माझ्याकडे गाडी शिकतात, दोन्ही कामं सारख्याच जोरात करतात) पिठाच्या हातांनीच रस्त्यावर आल्या. माझी मुलगी म्हणाली, नऊ वर्षांत माझं लग्न होऊन जाईल, मला काय. सूनबाईंनी नुसता घराच्या खांबावरून हात फिरवला. तो हात बघून मी तडक नगरपालिकेत गेलो.

करखात्याच्या खिडकीत एक बाई बसतात. शांत बाई. मी बहुधा ओरडतच बोलत असेन, कारण रांगेतल्या लोकांनी मला पुढे जाऊ दिलं. मी म्हणालो, तुम्ही आमचं घर घेणार आहात. त्यांनी पेन ठेवलं आणि विचारलं, “साहेब, त्या रेघेखाली शून्यं किती आहेत?”

मी म्हटलं, शून्यं मोजायला आलो नाही.

“मोजा. खाली एक शून्य असेल तर शंभरामागे. दोन असतील तर हजारामागे. तुमच्या घराची आम्ही एक किंमत धरतो, त्यातल्या दर हजारामागे अकरा. शंभरामागे धरलं तर एक आणि वर थोडंसं.”

काका, डोक्यावरची टाकी कोणीतरी उचलून घेतल्यासारखं झालं मला. शंभरामागे एक आणि वर थोडंसं! आणि तेसुद्धा आधी चौदा होतं, आता अकरा केलेलं! ही किंमत धरतं कोण, कशी धरतं, बदलते केव्हा, हे मी तिथल्या तिथे विचारायला हवं होतं. पण माणूस बुडता बुडता काठाला लागला की तो काठ कोणाच्या मालकीचा आहे हे विचारत बसत नाही. मी त्या बाईंचे दोन्ही हात हातात घेऊन हलवले आणि निघालो.

पुढचा भाग थोडा भरभर सांगतो. (काकू, इथे थोडं भरभर वाचा.) त्या आनंदाच्या भरात गल्लीने नगराध्यक्षांचे आभार मानायचं ठरवलं. आमच्या नगराध्यक्षांना सगळे हसरे साहेब म्हणतात, कारण ते कायम हसतात. नळाला पाणी नाही म्हटलं तरी हसतात, रस्त्यात खड्डा आहे म्हटलं तरी हसतात. डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या बाहेरच्या खोलीत छोटीशी सभा झाली, आणि एका खुर्चीवर उभं राहून भाषण कोणी केलं हे तुम्ही ओळखलं असेलच. मी म्हणालो, की साहेब, बाकीचे वाढवतात, तुम्ही उतरवलंत, ही गल्ली तुम्हाला विसरणार नाही. टाळ्या पडल्या. हसरे साहेब हसले. आतल्या खुर्चीवर बसलेला एक पेशंट कापूस तोंडात धरून टाळ्या वाजवायला बाहेर आला. असं भाषण माझ्याकडून पुन्हा होणं नाही, आणि होऊही नये, कारण नंतर आठवडाभरातच अंदाजे बिलं आली.

माझं बिल मागच्या वर्षीच्या बिलापेक्षा निम्म्याहून जास्त वाढलेलं होतं. डॉक्टरांचं तेवढंच. बेकरीवाल्या बाईंचं तेवढंच. गल्लीत मी ज्या ज्या दारावरून गेलो त्या त्या दारात कोणीतरी बिल घेऊन उभं होतं, आणि माझ्याकडे बघत होतं. तुम्हाला सांगतो, भाषणाला दाद देणारी माणसं आणि दारात बिल घेऊन उभी असलेली माणसं तीच असली की चेहरे ओळखू येत नाहीत. मी पुन्हा त्या खिडकीशी. बाई म्हणाल्या, दर उतरला साहेब, पण किंमत चढली. सगळ्या शहराचं नवं मूल्यांकन झालंय. तुमचं घर आधी चार लाखांचं धरलं होतं, आता आठ धरलंय. सगळ्यांचीच साधारण दुप्पट.

“मग मागच्या वेळी का नाही सांगितलंत?”

“तुम्ही माझे हात हलवत होता,” त्या म्हणाल्या.

त्यांनी दोन वाटा सांगितल्या. स्वतःच्या घराच्या किमतीबद्दल तक्रार असेल तर अर्ज करायचा, आमच्या खात्याचे साहेब घर बघायला येतात. आणि दराबद्दलच हरकत असेल तर महिनाअखेरीस सभागृहात सुनावणी आहे, तिथे सगळ्यांसमोर बोलायचं, त्यानंतर नगरसेवक हात वर करून दर पक्का करतात. मी म्हटलं, दोन्ही. एका पायाने क्लच, दुसऱ्याने ब्रेक, हेच तर मी आयुष्यभर शिकवत आलोय.

घर बघायला जे साहेब आले ते उंच, किडकिडीत आणि अत्यंत नम्र गृहस्थ होते. खांद्याला मोजायची टेप, हातात फळी, बूट दाराबाहेर काढून आले. आदल्या दिवशी मी सूनबाईंना बजावून ठेवलं होतं, की उद्या आपलं घर म्हणजे एक दुःखी जागा आहे. मी घराला नावं ठेवीन, तुम्ही मधे पडायचं नाही. त्या म्हणाल्या, नाही पडणार. आणि खरंच, छत बुटकं आहे म्हटलं तेव्हा त्या फक्त खोकल्या. भिंतींना ओल येते म्हटलं तेव्हा त्या खोलीतून निघून गेल्या. मला वाटलं, जमलं. मग मी साहेबांना म्हटलं, काय सांगू, या घरात हवा म्हणून फिरकत नाही, उन्हाळ्यात गुदमरतो आम्ही. एवढ्यात पलीकडच्या खोलीत खाड खाड असा आवाज आला. सूनबाईंनी समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या सताड उघडल्या होत्या. साहेबांच्या फळीवरचे कागद उडाले, एक जिन्यावर गेला, एक थेट गॅलरीतून खाली डॉक्टरांच्या कुत्र्यापाशी. सूनबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, “हवा नाही म्हणे!”

तरी मी सावरलं असतं. पण साहेब कागद आणायला जिन्याकडे गेले, कठड्यावर बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, “हा साध्या लाकडाचा दिसतोय.”

साध्या लाकडाचा! काका, तो जिना मी समोर उभं राहून करून घेतलाय. सुताराला तीनदा सगळा कठडा उतरवायला लावला, त्याने माझ्याशी बोलणं टाकलं, पण जिना असा झाला की अजूनही कुठलीही पायरी करकरत नाही. माझा पाय ब्रेककडे गेला, पण तोंड आधीच सुटलं होतं. मी म्हटलं, साहेब, सागवान आहे. हात फिरवून बघा. आणि जिना दाखवला की माणूस वर जातोच, वर गेलं की मुलीची खोली, तिथली भिंतीत बसवलेली कपाटं, मग गच्ची, गच्चीवरून दिसणारी टेकडी. सूनबाई एक एक दार उघडत पुढे, मी मागून माहिती सांगत. कुठलं कपाट कोणत्या वर्षी, फरशी कुठून आणली, तिचा रंग का उडत नाही. साहेब टेप विसरून नुसते बघत होते. दोनदा चहा झाला. जाताना बूट घालता घालता ते म्हणाले, बाहेरून वाटत नाही हो एवढं, फार हौसेने केलंय तुम्ही. सूनबाईंचा चेहरा असा फुलला होता, की आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा तो तसा नाही. ते गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, आपण जरा जास्तच बोललो का? मी म्हटलं, छे. माणसाशी चांगले संबंध ठेवलेले बरे असतात.

आणि माझं लक्ष तरी कुठे त्यात होतं? खरी लढाई सभागृहात होती, आणि त्यासाठी मुद्दा हवा होता. ‘महागाई आहे, आम्ही भरायचं कसं’ हे रडगाणं सगळेच गाणार होते. मला असं काहीतरी हवं होतं की ते ऐकून हसरे साहेबांचं हसू थांबेल. तो मुद्दा मला कुठे सापडला सांगू? चालत्या गाडीत.

माझ्या विद्यार्थ्यांची लायसन्सची परीक्षा शेजारच्या शहरात असते. तिथे न्यायला मी मिनीबस ठरवतो आणि भाडं सगळ्यांत वाटून घेतो. मागच्या खेपेला आठ जण होते, या खेपेला सोळा. मी सगळ्यांना उदार मनाने सांगितलं होतं, की या वेळी माणशी वर्गणी कमी केली आहे. आणि केलीही होती, थोडीशी. तर बेकरीवाल्या बाई उतारावरून गाडी घेत होत्या, मी शेजारी, आणि समोर दुधाची गाडी येत असताना त्या रस्त्याऐवजी माझ्याकडे वळून म्हणाल्या,

“सर, बसचं भाडं वाढलंय का?”

मी म्हटलं, नाही, तेवढंच आहे. पुढे बघा.

“मग माणसं दुप्पट झाली तर वर्गणी निम्मी व्हायला हवी. तुम्ही जराशी कमी केलीत आणि वर उपकार केल्यासारखं सांगितलंत. बाकीचे कुठे गेले?”

मी ब्रेक दाबला. (दुधाच्या गाडीमुळे नव्हे.) आम्ही दोघं पुढच्या काचेकडे फेकले गेलो, मागच्याने हॉर्न वाजवला, आणि मी त्या हॉर्नच्या आवाजात लख्ख बघितलं काका, की नगरपालिका म्हणजे मिनीबस आहे. वर्षाचा खर्च हे भाडं. शहरातल्या सगळ्या घरांची मिळून किंमत हे प्रवासी. भाड्याला प्रवाशांनी भागलं की जे येतं तो दर! दर कोणी आकाशातून आणत नाही, मनाला वाटलं म्हणून अकरा किंवा चौदा नसतो. आधी किती लागणार ते ठरवायचं, मग सगळ्या घरांच्या किमतीवर ते पसरायचं, दर हजारावर जेवढं येईल तेवढं. किंमत दुप्पट झाली आणि खर्च तेवढाच राहिला, तर चौदाचे सात व्हायला हवेत. अकरा केले म्हणजे दर उतरवला नाही, उतरवल्यासारखं दाखवून गुपचूप चढवला! मी बेकरीवाल्या बाईंना म्हटलं, तुम्ही परीक्षेला फुकट चला. त्या म्हणाल्या, फुकट नको, निम्म्यात येते, आणि बाकीच्यांचेही परत करा. (परत केले. हिशेबात किरकोळ चूक राहून गेली होती.)

सुनावणीच्या दिवशी सभागृह खचाखच भरलं होतं. वर मंचावर हसरे साहेब, त्यांच्या शेजारी करखात्याचे मुख्य अधिकारी, दोन्ही बाजूंना नगरसेवक, खाली आमच्यासारखी बिलं घेऊन आलेली माणसं. एकेक जण उठत होता, महागाईबद्दल बोलत होता आणि बसत होता. हसरे साहेब हसत होते आणि प्रत्येकाला एकच सांगत होते, की आम्ही दर कमी केलेला आहे, चौदाचा अकरा, कागदावर बघून घ्या. माझी पाळी आली. मी उठताक्षणी हसरे साहेबांनी मला ओळखलं आणि माइकमधून म्हणाले,

“या, या! दवाखान्यात खुर्चीवर उभं राहून तुम्हीच आमचे आभार मानले होते ना?”

सगळं सभागृह हसलं. माझे कान तापले. आणि त्या तापलेल्या कानांमधून कुठून कोण जाणे, आवाज निघाला, “साहेब, मी दराचे आभार मानले होते, बिलाचे नाही.”

काका, दुसऱ्यांदा हसलं सभागृह, आणि या वेळी माझ्या बाजूने. मी मुख्य अधिकाऱ्यांना नम्रपणे विचारलं, की शहराचा खर्च भागवायला घरपट्टीतून मागच्या वर्षी जेवढे लागले, त्यापेक्षा यंदा किती जास्त लागणार आहेत? त्यांनी कागद चाळले आणि म्हणाले, जवळपास तेवढेच. आणि शहरातल्या सगळ्या घरांची मिळून धरलेली किंमत? ते म्हणाले, ती दुप्पट झाली आहे. मी म्हटलं, मग लागणारे पैसे तेवढेच आणि किंमत दुप्पट, तर हजारामागचा वाटा किती व्हायला हवा?

अधिकारी हसरे साहेबांकडे बघायला लागले. हसरे साहेब छताकडे. माझ्या मागून बेकरीवाल्या बाईंचा आवाज आला, “निम्मा!” त्यांच्यामागून आणखी कोणीतरी म्हणालं, निम्मा. मग डॉक्टर उठले आणि म्हणाले, “साहेब, तोंड उघडा, म्हणजे आत काय आहे ते दिसेल.”

शेवटी मुख्य अधिकारी माइकपाशी येऊन म्हणाले, तत्त्वतः या गृहस्थांचं बरोबर आहे. चौदाच्या दराने जेवढे येत होते, तेवढेच आणायचे तर दर सात पुरतो. मी विचारलं, मग वरचे चार कशाला? मग एका नगरसेविकाबाईंनी सांगून टाकलं, की नगरपालिकेच्या दारात कारंजं बसवायचं आहे, रंगीत दिव्यांचं, संगीतावर नाचणारं. काका, ज्या शहरात दिवसाआड पाणी येतं तिथे नाचणारं कारंजं! त्यानंतर मला काही बोलावंच लागलं नाही. सभागृहच बोललं. आणि मी डोळ्यांनी बघितलं, काका, हसरे साहेबांचं हसू आधी एका बाजूने उतरलं, मग दुसऱ्या. हसू नसलेला तो चेहरा कोणालाच ओळखता येईना.

नगरसेवकांनी हात वर केले. हजारामागे सात. एकाचाही हात खाली राहिला नाही, हसरे साहेबांचासुद्धा. लोकांनी मला खांद्यावर घेतलं (म्हणजे प्रयत्न केला. डॉक्टरांच्या बाजूने मी जरा घसरलो, कंबर अजून धरली आहे). करखात्याच्या खिडकीतल्या बाई दारात उभ्या होत्या, मी पोचायच्या आधीच त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि हसल्या. संध्याकाळी बेकरीवाल्या बाईंनी गल्लीसाठी केक केला. त्याच्यावर क्रीमने सात काढला होता आणि पुढे ते चिन्ह, रेघेखाली दोन्ही शून्यं न विसरता. डॉक्टरांनी दातांची पर्वा न करता तीनदा घेतला. मुलगी मला म्हणाली, “बाबा, तुम्ही आज बरे बोललात.” तिच्याकडून एवढं म्हणजे मानपत्रच. आणि रात्री जेवण वाढताना सूनबाईंचा हात सैल सुटला होता.

आता चौकात मी निघालो की लोक गाडी थांबवून हात मिळवतात. परवा एका वाहतूक पोलिसाने मला विचारलं, वीजबिलाचंही असंच काही करता येईल का. बघू म्हटलं. एकूण काय काका, तुमच्या पुतण्याचं नाव झालं. हे सगळं तुमच्या पायांच्या पुण्याईने, असं लिहिणार होतो, पण खरं सांगायचं तर माझ्याच डोक्याने. तब्येत जपा, डोळ्यांत थेंब घालायला विसरू नका. लहानांना माझे लाड, मोठ्यांच्या पाया पडतो, आणि काकूंच्या पुन्हा एकदा, वेगळं.

तुमचा, आता थोडा उंच झालेला,
पुतण्या

ता. क. पत्र पाकिटात घालत होतो एवढ्यात आमच्या घराच्या पाहणीचा निकाल आला. अर्ज मंजूर झाला आहे, म्हणजे किंमत बदलली आहे. आठ लाखांची चौदा लाख केली आहे. कारण म्हणून लिहिलंय : सागवानी जिना, भिंतीतली कपाटं, खेळती हवा, टेकडीचा देखावा, माहिती मालकांनी स्वतः दिली. आता हजारामागे सातने हिशेब केला तर ज्या वाढीव बिलासाठी मी सगळं शहर पेटवलं, त्याच्यापेक्षाही आमचं बिल जास्त येतं. गल्लीत सगळ्यांची घरपट्टी पूर्वीएवढीच राहिली, एकट्या माझी वाढली. दर मी खाली आणला यात मात्र काडीचाही फरक पडत नाही, हे लक्षात घ्यावं.

ता. क. दुसरा. पुन्हा पाहणी मागता येते. पण खिडकीतल्या बाई म्हणतात, या वेळी घरमालकांनी गप्प राहावं आणि बांधकामातल्या जाणकाराने दोष दाखवावेत. तुम्ही आयुष्यभर सरकारी इमारतींची पाहणी केलीत. शिवाय आमच्या नव्या घरात पहिल्यांदा आलात तेव्हा चहा यायच्या आत तुम्ही जे बोलला होतात (जिना म्हणजे शिडी आहे, गच्चीचा उतार उलटा आहे, पूर्वेची भिंत ओळंब्यात नाही, आणि एवढ्या पैशांत शहाणा माणूस भाड्याने राहिला असता) ते मला शब्द न् शब्द पाठ आहे. त्यावरून नंतर काही महिने आपलं जे बोलणं बंद होतं, ते माझ्याकडून मी केव्हाच सोडून दिलंय. तर काका, पुढच्या गुरुवारी साहेब येणार आहेत. तिकीट सोबत जोडलं आहे. या, आणि तेच सगळं पुन्हा, जमलं तर थोडं वाढवून, त्यांच्यासमोर बोला. मी आणि सूनबाई खालच्या मानेने ऐकून घेऊ. सूनबाईंचा सराव चालू आहे.

ता. क. तिसरा, सूनबाईंच्या हातचा. काका, नमस्कार. जरूर या, तुमची खोली तयार ठेवते. जिन्याला, गच्चीला, भिंतीला काय हवं ते बोला, मी हूं का चूं करणार नाही. पण त्या दिवशी स्वयंपाकघराला अंधारी कोठडी म्हणाला होतात, तेवढं मात्र साहेबांसमोर काढू नका. काढलंत तर मी त्यांचा हात धरून त्यांना ओट्यापाशी उजेडात उभं करीन, आणि मग होऊ दे घर वीस लाखांचं. वरचा कर मी भरीन.